बावीस सेंटिमीटर

आमच्या बेटाला फेब्रुवारीत रस्ता फुटायचा.
समुद्र गोठला की बाबा, काल्यो त्यांचं नाव,
खांद्यावर गिरमिट टाकून पहाटे निघायचे
आणि दर दोनशे पावलांवर एक भोक पाडायचे.
मी मागून, वही घेऊन.
पलीकडे एस्टोनियाचा किनारा,
बोटानं पुसली गेलेली काजळाची रेघ.

नियम एकच: गाडीला बर्फ हवा बावीस सेंटिमीटरच्या वर.
बाबांच्या पट्टीवर मात्र मिलिमीटर,
रेषा इतक्या बारीक की दमलेला डोळा घसरावा.
"दोनशे पंधरा!" ते ओरडले.
"मग झालंच की," पोस्टमन एंडेलनं ट्रकची किल्ली फिरवली,
"कुठे बावीस, कुठे दोनशे पंधरा!"
बाबा हसले नाहीत.
"आकड्याच्या तोंडावर जाऊ नकोस.
आधी शेपटीकडे बघ."
आणि गिरमिटाच्या टोकानं बर्फावर कोरलं:

२१५ मिमी < २२ सेमी

चिन्ह दुमडलेल्या कोपरासारखं.
कोपर नेहमी धाकट्याला ढोसतं, ते मला म्हणाले.

कमी किती? पाच मिलिमीटर.
घरी आई हाडाच्या रश्श्यात सुके वाटाणे शिजवत होती,
मी एक कच्चा उचलून पट्टीवर ठेवला.
एवढ्याशा वाटाण्यापायी
वाइकेबाईंचा पियानो पलीकडच्या धक्क्यावर
ताडपत्रीखाली तीन रात्री कुडकुडला.

चौथ्या पहाटे २२६ मिमी > २२ सेमी.
आम्ही चालत पलीकडे गेलो, एंडेल रिकामा ट्रक घेऊन पुढे.
आता वजन. पाटीवर लिहिलेलं: दोन टनांच्या आत.
ट्रक, डिझेल, एंडेल आणि त्याचं सगळं बिऱ्हाड: १.८ टन.
पियानो: २३० किलो.
मी बोटांवर फुंकर घालत टनांचे किलो केले,
शून्यं दोनदा मोजली.

२०३० किलो > २ टन

जादा चाक उतरवलं. अठरा किलो. तरी वरच.
मग सगळ्यांनी मुरीकडे पाहिलं.
मुरी, एंडेलची कुत्री,
पुढच्या सीटवर राणीसाहेबांसारखी बसलेली.
पंधरा किलो.

१९९७ किलो < २ टन

"आणि बरोब्बर दोन टन भरले असते तर?"
"बरोबरीचं चिन्ह बर्फावर चालत नाही," बाबा म्हणाले.

मी धक्क्यावरून पाहत राहिले.
ट्रक गोगलगायीच्या चालीनं, दारं सताड उघडी,
उंचवट्यागणिक पियानोच्या पोटातून एखादा खर्ज,
आणि बऱ्याच मागे, समुद्राच्या मधोमध,
भुंकत धावणारे पंधरा किलो.

आता मी तिसरीला शिकवते.
फळ्यावर ३ मी, चौकट, २९९ सेमी.
दरवर्षी वर्गात एखादा एंडेल निघतोच.
पियानो कोपऱ्यात आहे, दोन पट्ट्या मुक्या.
फेरीबोट बाराही महिने चालते,
गिरमिट कोठीत कुठंतरी असेल.

बाबांच्या शेवटच्या वहीत
त्यांच्या शेवटच्या हिवाळ्याची एकच नोंद:

४० मिमी ☐ २२ सेमी

मधली चौकट त्यांनी भरलीच नाही.
मी पेन्सिल उचलते, खाली ठेवते.
उत्तर तसं तिसरीतल्या पोरालाही येईल.