भरतीमुळे अनिर्णित

चिटणीस सर्वेश मोंडकर म्हणाला, आत्या,
क्लबाला पंच्याहत्तर वर्षं झाली, स्मरणिका काढतोय,
इतिहास लिहून द्या. दोन पानं पुरे.

माझ्याकडे सात वह्या आहेत.
पहिली बंदरावरच्या वखारीची:
पुढून सुक्या बांगड्याचे दर, उलटून धावा.
मधे एका पानावर दोन्ही भेटतात, आणि तिथे
जिवा तांडेल, एकतीस.
धावा की मण, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तारखा नाहीत, तिथ्या आहेत.
सामना अष्टमीला, फार तर नवमीला.
भांगाचे दिवस, जाळ्यांना काम नाही, होड्या वर ओढलेल्या,
भर दुपारी सुकती,
आणि पाणी सरलं की खाली उरते ती काळसर घट्ट वाळू
चार तास आमची.
रोलर कधी घेतला नाही. खर्चाच्या पानावर
फक्त चेंडू, चुना, आणि कुडाळकरांना चहा.

नियम बापूंनी पुठ्ठ्यावर लिहिले होते.
चेंडू थेट पाण्यात, सहा.
रापणीत अडकला तर दोन,
सोडवताना मासळी मिळाली तर ती फलंदाजाची.
निवतीच्या टोकाकडून वारा असेल तर
वाईड देताना पंचांनी विचार करावा.

कुडाळचा बँकेचा संघ पांढऱ्या पँटींत यायचा.
त्यांना घड्याळ कळायचं, पाणी कळायचं नाही.
आम्ही हरायला लागलो की अंतोन फर्नांडिस
खाली बसून बुटाची नाडी बांधायचा.
अंतोन अनवाणी खेळायचा.
तेवढ्यात पहिली लाट मिडविकेटला,
आणि बापू शाईची दौत बंद करून
निकालाच्या रकान्यात लिहायचे:
भरतीमुळे अनिर्णित.

तिसऱ्या वहीत मात्र हसण्यासारखं काही नाही.
हसन सोलकर, डावखुरा, नवा चेंडू त्याचाच.
कार्तिकात मालवणच्या पलीकडे गेला,
होडी आली ती दुसऱ्यांच्या दोराने.
त्या मोसमात आम्ही दहाजण खेळलो.
प्रत्येक सामन्यात अकराव्या ओळीत बापूंनी लिहिलंय
हसन सोलकर, गैरहजर.
सतरा वेळा. अक्षर कुठेही बदललेलं नाही.

पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ आला, कादर.
कोणी काही बोललं नाही.
बापूंनी पट्टी मागितली
आणि अकराव्या ओळीखाली बारावी आखली.

पाचव्या वहीपासून अक्षर माझं.
बापूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, मी चौदा वर्षांची,
मुलींनी पुरुषांच्या मॅचला बसायचं का यावर
देवळात बैठक झाली, ती अनिर्णित.
बापू कानाने बघायचे.
"ह्यो आवाज बॅटीचो नाय गो, नडगीचो आसा. लेगबाय घाल."
मी घालायची.
तीन सामन्यांत त्यांचं चुकलं, मला दिसत होतं.
त्या तीन निकालांना मी अजून हात लावलेला नाही,
सर्वेशलाही सांगितलेलं नाही.
आता सांगितलं.

सध्या क्लब हायस्कूलमागे खेळतो.
किनाऱ्यावर बंधाऱ्याचे दगड आलेत, वाळू त्यांच्याखाली कुठेतरी.
मॅटिंग आहे, दिवे आहेत, रात्री दहाला निकाल लागतो,
रोज लागतो, कोणीतरी हरतंच.
स्कोअर मोबाइलवर. त्यात अकराच नावं मावतात,
मी विचारलं होतं.

सर्वेशला आकडे हवे होते, तर घ्या:
जिंकले एकसष्ट, हरले एकशे चार.
अनिर्णित मी दोनदा मोजले, दोन्ही वेळा वेगळे आले.

हे दोन पानांत बसणार नाही.
सोन्याचांदीच्या दुकानाची जाहिरात अर्धी करा.
आणि तिसऱ्या वहीतलं ते पान छापाल तेव्हा
छापखान्यात आधी सांगून ठेवा,
बारावी ओळ चुकून आलेली नाही.