मापात पाप

योंगिनच्या बसस्थानकामागे, जिन्याखालच्या खोपट्यात
एकतीस वर्षं बसते आहे मी, मशीनसमोर.
आधी शाळेचे गणवेश यायचे,
गुडघ्यावर फाटलेले, खिशात गोट्या विसरलेले.
मग डोंगर कापले, हिरवळ अंथरली,
आणि माझ्या खुंटीला
पोपटी, गुलाबी, मोसंबी साहेब लटकू लागले.

शुक्रवारी संध्याकाळी झुंबड.
रविवारी पहाटे सहाला पहिला फटका मारायचा असतो
आणि नवी पँट पोटाशी येऊन अडते.

सिमेंट कंपनीतले प्यो साहेब आले,
चार कंपन्यांच्या चार पिशव्या घेऊन.
इथल्या कंपनीत ते शंभर,
इटलीच्या कंपनीत पन्नास,
जपानी पिशवीत एक्स्ट्रा लार्ज,
अमेरिकन पिशवीत चक्क मीडियम.
"मावशी," म्हणाले, "यातला मी नेमका कोण?"

टेप घातली. छाती एकशे दोन, पोट शहाण्णव.
"श्वास सोडा," म्हटलं,
"अठरा होल आहेत, कुठवर आत धराल?"
सोडला.
एकशे एक.

चारही शर्ट टेबलावर एकावर एक ठेवले,
खांद्याला खांदा लावून.
बोटभराचा फरक, तोही एका बाहीत.
एवढ्याशा कापडासाठी
माणूस शंभरावरून पन्नासावर येतो
आणि समुद्र ओलांडला की मधला होतो.

प्यो साहेबांनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.
त्यांचे डायरेक्टर कपडे बदलताना मोठ्यानं म्हणतात,
मी अजून मीडियम!
आणि हुकाला टांगलेल्या सगळ्यांच्या कॉलरी
सहज म्हणून उलटून बघतात.
"जपानी जॅकेट फार आवडलंय मला.
पण ते लेबल..."

उसवलं. सहा टाके, जास्त नाहीत.
अमेरिकन मीडियम जपानी मानेवर बसवला.
तीन हजार वॉन.
जाताना वाकून नमस्कार केला त्यांनी,
वकिलाला करतात तसा.

तेव्हापासून बिस्किटांच्या डब्यात लेबलं साठवते मी.
मापात पाप करणारा वाणी असतो तशी मी,
फक्त माझ्याकडे तराजू नाही.
हसायचे मी. रात्री भाताबरोबर नवऱ्याला सांगायचे,
आज दोन लार्ज बारीक केले, कात्री न लावता.

मग थंडीत सुक-ह्वा आली.
कॅडी आहे ती वरच्या मैदानावर, बारा वर्षं.
नवा शर्ट, पंचावन्न नंबरचा.
तिचा नंबर सहासष्ट, मला पाठ आहे,
तिचे सगळे हेम मीच घातलेत.
टेप घ्यायला गेले, तर हात धरला माझा.
"माप नको. बसतोय.
यावर फक्त सहासष्टचं लेबल लाव."

मी काही विचारलं नाही.
शर्टाची डावी बाजू सपाट पडत होती,
तिथे मी उगीच इस्त्री फिरवत राहिले.
"सगळ्या विचारतात," ती म्हणाली,
"कसं गं केलंस, काय खातेस, आम्हालाही सांग.
रोज सकाळी, लॉकरपाशी.
मला उत्तर द्यायचं नाहीये."

डबा उलटा केला. शोधलं.
सहासष्ट मिळेना.
एम होते पुष्कळ, एल होते, एक फ्रेंच छत्तीस होता.
शेवटी माझ्याच जुन्या स्वेटरचं काढलं,
धुऊन धुऊन आकडे फिके झालेलं,
आणि चार कोपऱ्यांत चार टाके घातले,
मशीनवर नाही, हातानं,
मानेला टोचू नये म्हणून.

पैसे देत होती. घेतले.
न घेतले असते तर तिला कळलं असतं.

प्यो साहेब सोमवारी पुन्हा आले.
जॅकेट काखेत फाटलं होतं, जोरात मारताना.
डायरेक्टर काय म्हणाले, विचारलं.
"म्हणाले, रंग छान आहे."
लेबल कुणी पाहिलंच नाही.

आता माझ्या स्वेटरला लेबल नाही.
घालते रोज.
कधी सैल वाटतो, कधी खांद्याला आवळतो,
जेवण झाल्यावर तर नक्कीच.