एकास सत्त्याऐंशी

उद्यमबागेत, बंद फौंड्रीच्या मागच्या शेडमध्ये
आम्ही पाच जण दर रविवारी देसूर ते लोंढा बांधतो
आठ बाय चारच्या प्लायवर.
तिसरं वर्ष चालू आहे. रूळ गुंजीला अडकलेत.

बारा मिलीमीटर रुंदी, म्हणजे मीटर गेज.
ती उखडून नेली त्याला तीस वर्षं होत आली.
बास्त्यांव पिंटो तेव्हा लोंढ्याला पॉइंट्समन;
अजून बोटाएवढा सांधा बदलतानासुद्धा
आधी उजव्या खांद्यावरून मागे बघतो.
"सरकव की गा पाव सूत," इराप्पा हुद्दार म्हणतो,
चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस.
पाव सूत म्हणजे खऱ्या रुळावर पावणेतीन इंच,
गाडी सरळ मलप्रभेत.

मलप्रभा फेव्हिकॉलची, पातळ पातळ थरांनी ओतलेली.
अकरा दिवस वाळत होती, त्यात एक मुंगी अडकली.
जुबेरनं मोजली: पाच मिलीमीटर, म्हणजे कुत्र्याएवढी.
"असूंदे," डॉक्टर म्हणाले, "पोहतंय बिचारं."
डॉक्टर नेमगौडा दातांचे. डोंगर त्यांच्याच प्लास्टरचे,
आणि खिंडीतल्या भेगा ज्या हत्यारानं कोरल्या
त्यानंच परवा माझी दाढ तपासली.
धुतलंय, म्हणाले.

मला क्लबात घेतलं ते सुईत दोरा ओवता येतो म्हणून.
तारखांबांच्या तारा माझ्या, चाळीस नंबरचा काळा दोरा.
झाडंही माझीच: जळक्या मोटरचं तांबं पिळून खोड,
पायपुसण्याचा काथ्या,
वर हिरव्या रंगात भिजवलेला भुसा.
बोटं बुधवारपर्यंत हिरवी राहतात,
गिऱ्हाइकं विचारतात, मेंदी कसली ही?

खानापूरच्या पाटीवर दोन रविवार गेले.
पिवळी पट्टी, नखाएवढी. वरची ओळ इराप्पानं लिहिली,
कन्नड, तीन केसांच्या ब्रशनं, श्वास धरून.
खालची इंग्रजी पिंटोची. मधली माझी.
रेल्वे तिला हिंदी म्हणते, मी मराठी;
अक्षरं तीच,
आणि भिंग घेतल्याशिवाय तिन्ही ओळी सारख्याच पुसट.
कुणी काही बोललं नाही. चहा आला.

मग मी म्हटलं, मला तिसरं गेट पाहिजे.
"ते टिळकवाडीत. आपल्या नकाशात कुठं?" इराप्पा.
देसूरच्या अलीकडे, कडेला, वीतभर प्लाय उरलं होतं
ते बोटानं दाखवलं.

आता तिथं वरून पूल गेलाय, कुणी थांबत नाही.
मी थांबायचे. हँडलला शिवलेल्या ब्लाउजांची पिशवी,
घरी सासरे, दीर, दोन पोरं, उद्याच्या लग्नाचं अर्जंट काम,
आणि गेट पडलेलं.
दिवसातली तेवढीच चार मिनिटं
कुणाला माझ्याकडं काही मागता येत नव्हतं.
हे त्यांना सांगितलं नाही.
एम-सीलची बाई केली, अठरा मिलीमीटर,
शेजारी तारेची सायकल.

जुबेर जुन्या चार्जरच्या वायरी जोडत विचारतो,
"मावशी, गेट किती वेळ बंद ठेवू?
चार मिनिटांची, आपल्या मापानं, पावणेतीन सेकंदं होतात."
म्हटलं, वेळ बारीक करू नकोस.

आज पहिल्यांदा गाडी गुंजीहून निघाली.
दोनदा नदीवर घसरली, इराप्पानं कानस फिरवली.
तिसऱ्यांदा पाटीसमोरून, देसूर मागे टाकून
गेट ओलांडून गेली.
प्लाय संपलं तिथं थांबली.

गेट पडलेलंच.
आम्ही पाचही उभे. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.
पिंटोनं विडी काढली, पेटवली नाही.
जुबेरचा मोबाइल वाजून वाजून गप्प झाला.
बाहेरून कोण तरी इराप्पाला हाक मारत होतं.
"थांब की," तो म्हणाला, दाराकडं न बघता,
"गेट पडलंय."