दीड डेसिबल

आमच्या लिफ्टला नाणं लागतं.
वीस तेत्री टाकल्याशिवाय ती नवव्या मजल्यावर येत नाही,
आणि आली की तिचा खडखडाट
प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये कुठेतरी सापडतोच.
कुताईसीत माझं काम ओळखायचं असेल
तर गाण्याच्या मागे लिफ्ट शोधावी.

आज तीन ट्रॅक. हिरवा, पिवळा, निळा.
ओतिया वरच्या सुरात, ग्रामितोन मधल्या.
दोघे इथेच गायले, याच गालिच्यावर, एका माइकपुढे;
मध्ये अक्रोड खाल्ले, त्यांची टरफलं अजून पायाला टोचतात.
निळा वारलामचा. धाकटा. बानी त्याची.
आम्ही खालच्या सुराला बानी म्हणतो,
ज्याच्या भरवशावर वरचे दोघे खुशाल भांडू शकतात.
तो पोझनानजवळच्या एका पार्किंगात
ट्रकच्या केबिनमध्ये बसून फोनवर गायला,
रजई डोक्यावरून घेऊन,
आणि थंडी होती म्हणून इंजिन चालूच.

ते इंजिन काढायला
शंभरच्या खालचं सगळं कापलं मी.
इंजिन गेलं. वारलामही गेला.
उरला एक पोरगेला आवाज,
फोनवरून खोलीचं भाडं विचारणारा.
थोडं परत आणलं: छाती आली, मागोमाग डिझेल.
तासभर हेच.
एकाच कंपनावर बिऱ्हाड आहे दोघांचं,
कोणाला बाहेर काढू?

शिवाय तो उशिरा येतो.
प्रत्येक ओळीला, पापणी लवण्याइतका.
मी त्याचे तुकडे उचलून रेघेवर नेऊन ठेवले,
तिघे अगदी एका ठोक्यावर.
ऐकलं, तर तीन शिपाई जिना चढत होते.
अनडू. अनडू. अनडू.
येऊ दे उशिरा.
थोरल्यांचं बोलून झाल्यावर तोंड उघडायची
घरातली सवय दिसते.

राहिली खोली.
त्या दोघांभोवती माझा गालिचा, माझे पडदे,
याच्याभोवती चार फूट पत्रा आणि काच.
सॉफ्टवेअरमध्ये तयार खोल्या आहेत ढीगभर:
व्हिएन्नाचं सभागृह, दगडी चर्च, कुठलीशी गुहा.
एकेक लावून पाहिली.
प्रत्येकीत तो पाहुण्यासारखा उभा,
टोपी हातात धरून.

शेवटी रात्री अकराला जिन्यात गेले
आणि फुगा फोडला.
सातव्या मजल्यावरची नाझिब्रोला दार उघडून म्हणाली,
त्सियाला, वय काय तुझं?
उत्तर न देता वर आले,
रेकॉर्डरमध्ये जिन्याची दोन सेकंदांची पोकळी घेऊन.
तिघांवर घातली. विरजण लावावं इतकीच.

मग जमलं. कसं, ते मला सांगता यायचं नाही.
मीटर तेच, आकडे तेच,
पण निळी रेघ हिरवीला टेकून बसली,
आणि दुसऱ्या कडव्यानंतर
कोणीतरी श्वास घेतला, तो कोणाचा
हे मला, मी मिसळलेलं असूनही, ओळखता येईना.

फाईल पाठवली तिघांना.
ओतियाचा अंगठा आला. ग्रामितोन झोपला असावा.
वारलामने पहाटे लिहिलं, कुठल्याशा सीमेवरच्या रांगेतून:
छान आहे. माझा आवाज थोडा कमी कर.
आहे त्याहून जवळ वाटतोय मी.

बराच वेळ फेडरवर बोट ठेवून बसले.
तो चुकीचं बोलत नव्हता.
दीड डेसिबल उतरवला त्याला.
ऐकलं.
मग ओतियाला दीड उतरवला,
ग्रामितोनलाही दीड.
फाईलला नाव दिलं अंतिम सात,
आणि लिहिलं: केला कमी.

अजून ऐकलेली नाही त्याने.
रांग पुढे सरकली असेल.