मागचा दाबला तरी

तिस्कच्या उतारावर बाबांनी शिकवलं,
जुनी स्कूटर, मागे बसून माझ्या कानात:
"फुडलो ब्रेक दामूं नाका गो, उमथें पडटलें."
ते वाक्य उजव्या पायात उतरलं
आणि पंधरा वर्षं तिथंच राहिलं.
हाताची बोटं नुसती लिव्हरवर,
परक्या घरी बसल्यासारखी.

आता धारबांदोड्याला माझं गॅरेज आहे.
अनमोड उतरून गाड्या येतात,
डिस्क निळ्या पडलेल्या, पॅडचा वास,
पोरं आधी पाणी मागतात, मग गाडीचं बोलतात.

कुलासोंची गाडी त्यातली नाही.
तीन पेट्यांची, म्हशीएवढी,
दोन वर्षांनी एकदा ब्रेकचं तेल बदलायला येते.
घालते तेव्हा काजूच्या निरोसारखं स्वच्छ,
निघतं तेव्हा कोरा चहा.
हे तेल ओल पितं, आणि आमची हवा
पाजायला बसलेलीच.

बत्तीस वर्षं जहाजाच्या इंजिनात काढलेला माणूस,
स्टूल ओढतो, म्हणतो, "सांग गो परतून."

बघा, हातानं लिव्हर दाबला,
पुढच्या चकतीला पॅड भिडले.
चकतीला थांबायचं नसतं.
ती डाव्या कॅलिपरलाच ओढून नेते आपल्याबरोबर,
फार नाही, नखाएवढं,
तेवढ्यात तो शेजारच्या छोट्या सिलिंडरला
कोपरखळी मारतो
आणि तेल निघतं, टाकीखालून, सीटखालून,
मागच्या चाकाकडे.
हातानं नाही पाठवलं ते.
ज्या चाकाला थांबायचं नव्हतं
त्याच्याच ओढीनं मागचं थांबू लागतं.

"आणि पाय दाबला तर?"
ठाऊक असतं त्यांना. त्यांचाही पायच तेवढा शिकलेला.
पायानं मागचं धरतं, आणि एक नळी पुढे जाते.
वाटेत एक व्हॉल्व आहे, तो म्हणतो, जरा दम धर,
मागची बूड टेकू दे.
मग पुढचा मधला पिस्टन, हलकेच.
दुसरा व्हॉल्व हिशेबनीस:
वजन पुढे झुकलं की मागच्याचा वाटा कापतो,
नाहीतर ते घसरेल.

इथं नवरा-बायकोची उपमा सुचते.
देत नाही.
हवा काढायला अर्धा दिवस लागतो,
कुठल्या निपलनंतर कुठला, त्याचा क्रम असतो,
चुकला की एक बुडबुडा कोपऱ्यात दडून बसतो
आणि लिव्हर पावासारखा मऊ.
उपमेत हे कुठं घालू?

गेल्या मे महिन्यात ते इथंच पडले, दारात.
वेग, माणूस चालतो तेवढा.
खनिजाच्या ट्रकांनी सांडलेली तांबडी खडी,
हँडल पूर्ण वळवलेलं, आणि सवयीनं पाय.
एकटं मागचं धरलं असतं तर उभे राहिले असते.
पण नळीनं नेमलेलं काम केलं,
पुढचं चाक खडीवर मुडपलं,
आणि चारशे किलो
अगदी अदबीनं आडवे झाले.
आम्ही चौघांनी उचलली. आरसा गेला.
"चूक कोणाची?" त्यांनी विचारलं.
"खडीची," मी म्हटलं.
दोघंही पेटीवरचा ओरखडा बघत राहिलो.

बाबा आत बसलेले असतात, नट निवडत.
उजवा गुडघा वाकत नाही.
बोरीच्या उतारावर त्या दिवशी
रस्त्यावर एकच काळी रेघ होती, लांब,
मागच्या टायरची.
पुढच्याची खूणच नव्हती.
मी दोनदा जाऊन पाहिलं.

काम झालं की खांडेपारच्या सपाटीवर चाचणी.
साठचा वेग. बोटं मुद्दाम सैल सोडते,
फक्त पाय.
गाडीचं नाक किंचित खाली जातं,
कोणी मान डोलावावी तसं,
आणि थांबते सरळ रेषेत.

परत येते तर बाबा दारात.
"फुडलो दामूंक ना मगो?"

नाही दाबला, सांगते मी.
आणि खोटं बोलत नाही.