सातव्या दिवसाचा कागद

शेंदुरजनाघाटच्या कॉलेजात
प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबलं, एक गळकं बेसिन,
आणि खिडकीबाहेर मंडीतून परत आलेल्या संत्र्यांचा ढीग.
चिलटं आम्हाला विकत आणावी लागत नाहीत.

सयाबाई धुर्वे बाटल्या भरतात :
रवा, गूळ, खमीर, वरून कापसाचं बूच.
मी तासिका तत्त्वावरचा मास्तर, तारखा टाकतो.
पहिला दिवस, अंडी. दुसरा, अळी.
रोज चिमूटभर जीव खलात, थोडं अल्कोहोल,
अर्काचा ठिपका कागदाच्या काठावर,
आणि ब्युटेनॉलच्या उग्र वासात रात्रभर
ओल वर चढत राहते, वातीत तेल चढावं तशी.

सकाळी निनहायड्रिन फवारून
कागदावर इस्त्री फिरवली, की जांभळे डाग उगवतात.
अमिनो आम्लं, मी पोरांना सांगतो,
शरीराच्या भिंतीतल्या विटा.
सांगतो, आणि मलाच पटत नाही.
वीट कुठं अशी जागा बदलते?

अळी खाते. गुळात तोंड खुपसून खाते, खातच राहते,
अंगात टायरोसिन साठवत.
मग पाचव्या दिवशी काचेवर चढते
आणि थांबते एकाएकी, काही आठवल्यासारखी.
साठवलेलं सगळं कातड्यात ओतते.
कातडं पांढरं, मग तांबूस, मग तपकिरी, टणक.
तिकडे माझ्या कागदावर तो डाग फिका पडलेला.

कोषात दाणापाणी बंद.
अळीचे स्नायू विरघळतात,
जुन्या अंगाचे मणी सुटे होतात
आणि त्याच मण्यांत पाय, डोळे, पंख.
बाहेरून एकही मणी येत नाही.
"म्हंजे लुगडं उसवून त्याच्यातच पोरीचं झबलं बेतलं,"
सयाबाई म्हणाल्या.
मी वहीत ते लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

दहाव्या दिवशी बाटलीत पंखच पंख.
कागदावर जांभळ्या रांगेत एकच पिवळा डाग, प्रोलिन,
उडण्याला हातभार लावणारं.
सहज म्हणून शेजारी संत्र्याच्या रसाचा थेंब टाकला.
तिथंही तोच पिवळा.

सातव्या दिवसाचा कागद मात्र बिघडला.
कोषाचे डाग जागच्या जागी होते,
पण कोपऱ्यात, जिथं मी काहीच टाकलं नव्हतं,
एक अंगठा उगवला होता.
हातमोजे संपलेले. कागद सयाबाईंनी टांगलेला.
घामातलं सेरीन, ग्लायसीन,
चिलटाच्या अंगात असतं तेच.

तीस वर्षं नर्सरीत
जंभेरीच्या रोपांवर संत्र्याचे डोळे बांधून
झिजलेल्या रेघा, पण होत्या.
मधून कलमाच्या चाकूची जुनी खूण,
पांढरी, तिरपी.
सयाबाई चष्मा पुसून बघत राहिल्या.
"राशनच्या मशीनले तं हा दिसतच नाई सर.
तीन महिने झाले, लावतो न् लावतो.
ह्या कागदाले कसा दिसला?"

मला उत्तर येत होतं. दिलं नाही.
पोरांनी विचारलं, कागद फेकायचा का?
मी तो वहीत चिकटवला,
दिवस लिहिला, तारीख लिहिली,
अवस्थेच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

बेसिनपाशी सयाबाई बाटल्या धुवायला लागल्या होत्या.
काचेला चिकटलेली रिकामी टरफलं
अंगठ्याच्या नखानं खरवडत.