पत्र्याचं साल

कायतान म्हणतो, सदुसष्ट.
मागे तीन-तीन उभे दिवे, किंचित आत ओढलेले,
शिट्टी घालण्याआधी गाल आत जातात तसे.
त्यानंतर नुसती चरबी वाढली.

हमीद पेंटर थिनरमधून ब्रश वर काढतो.
एकोणसत्तर! चार हेडलाइट, भुकेलं तोंड.
गाडीनं घाबरवावं, पण दात विचकून नाही,
नुसतं बघून.
त्यानं एकोणसत्तर एकदाच पाहिली आहे,
बॅलार्ड पिअरला, क्रेनला लटकलेली,
चाकं हवेत, खाली हमाल विडी ओढत बसलेले.

आणि अडुसष्ट? मी विचारते.
दोघे माझ्याकडे असे बघतात
की मी मधल्या भावाच्या लग्नाची तारीख विचारली.
त्या साली तिकडच्या सरकारनं कायदा केला,
गाडीच्या कुशीलाही दिवे लावा.
कायतानच्या मते कायद्यानं आजवर
कुणाचंही रूप खुललेलं नाही.

हे रोज सहानंतर,
माझगावात, गोदीच्या भिंतीला पाठ लावून,
जालसेठच्या मस्टँगभोवती.
जालसेठ वादात पडत नाहीत.
मुलगी त्यांना टॅक्सीनं आणून सोडते;
ते स्टुलावर बसून
छतावरून शेपटीपर्यंत उतरणारी
ती एकच रेघ बघतात.
चहावर साय धरते.

मी डेंटर. बाबांच्या हातोड्या माझ्याकडे आल्या,
दोन डॉल्या, आणि लाकडी मोगरी,
जिच्या मुठीला अजून त्यांच्या अंगठ्याचा खळगा आहे.
आज मागचा डावा पॅनल खरवडला.
लालखाली क्रीम, क्रीमखाली पुन्हा लाल,
मग बोटभर लांबी,
मग पत्रा. जाड. अमेरिकेचा नव्हेच.
आतून टॉर्च मारला तर
ठोकून सपाट केलेली, तरी न मेलेली अक्षरं:
नेट वेट, एकशे छप्पन्न किलो.
डांबराचा पिंप.

"चौऱ्याहत्तर," जालसेठ म्हणाले.
"वाळकेश्वरच्या वळणावर दूधवाला टेम्पो.
पार्ट कुठून आणणार? तुजा बाप म्हणाला,
उजवी बाजू आहे ना शाबूत, बस झालं.
डोळे मिटून उजवीवर हात फिरवायचा,
मग तसाच डावीवर.
सत्तेचाळीस दिवस, डिकरी."

मी डोळे मिटले.
उजवी. डावी.
डावी एका जागी जरा भरलेली आहे,
तांदळाच्या दाण्याएवढी, फार तर दोन.
पट्टीला कळणार नाही. तळहाताला कळतं.
मी मोगरी उचलली.

"ते नाय बसवायचं," जालसेठ म्हणाले.

मोगरी हातातच राहिली.
हमीद रंग घोटायला निघून गेला,
कायतानला मात्र राहवेना:
"पण दिवे सदुसष्टचेच हां, पोरी.
दिवे तुझ्या बापानं नाय बनवले."